अकरा वेळा लिहिलेले पहिले पान

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही हे तुम्हालाही कळेल. तुमचे वडील ७४ वर्षांचे आहेत आणि दोन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमरचे निदान झाले आहे. आयुष्यभर रोजनिशी लिहिणाऱ्या या गृहस्थांनी आता नातवंडांसाठी लहानपणच्या आठवणी लिहायला घेतल्या आहेत. गेल्या चार महिन्यांत त्यांनी पहिले पान अकरा वेळा लिहिले आणि दुसरे पान अजून उजाडलेले नाही. शब्द गळतात, वाक्ये अर्धी राहतात, आणि मध्येच संतापून ते कागद चुरगळून टाकतात. तुमच्या भावाच्या मते हे आता थांबवावे, कारण त्यात त्यांना त्रासच होतो. लिहिणे काढून घेतले तर त्यांच्यापाशी त्यांचे असे काय उरेल, ही तुमची भीती आहे. चुका दुरुस्त कराव्यात का, आपण लिहून घेतले तर ते लिखाण त्यांचे राहील का, आणि कुठे थांबावे, असे तुमचे तीन प्रश्न आहेत.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. भाषा आणि लेखन हातातून निसटत चाललेल्या माणसांबरोबर मी गेली २२ वर्षे काम करते आहे आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना डिमेन्शिया, म्हणजे अल्झायमरसारख्या आजारांतून येणारा स्मृतिभ्रंश, असतो. घरची माणसे ज्याला ‘लिहिता येत नाही’ म्हणतात ती प्रत्यक्षात एक तक्रार नसते, कारण लिहिणे ही कड्यांची साखळी आहे. काय लिहायचे ते सुचावे लागते, त्यासाठी शब्द सापडावा लागतो, वाक्य पुरे होईपर्यंत ते मनात धरून ठेवावे लागते, शब्दाचे अक्षररूप आठवावे लागते, हाताला ती वळणे काढता यावी लागतात, ओळ कुठे चालली आहे ते डोळ्यांना दिसावे लागते आणि आपण कुठवर आलो याचे भान राहावे लागते. डिमेन्शियात या साऱ्या कड्या एकदम तुटत नाहीत. एखादी आधी कमकुवत होते आणि तिच्यापायी सगळेच लेखन अडल्यासारखे दिसते. म्हणून लिहू द्यावे की थांबवावे हे ठरवण्याआधी कोणती कडी निसटते आहे ते शोधावे, तिथेच आपला हात लावावा, आणि बाकीच्या कड्या त्यांच्याच हातात राहू द्याव्यात. पुढे मी जे जे सांगणार आहे ते याच एका गोष्टीवर उभे आहे.

या आजाराच्या पहिल्या नोंदीतच ही गोष्ट दिसते. १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात डॉ. अलोइस अल्झायमर यांनी ५१ वर्षांच्या ऑगुस्ट डेटर यांना स्वतःचे नाव लिहायला सांगितले. त्यांनी ‘श्रीमती’ एवढे लिहिले आणि पुढचे त्या विसरल्या. उरलेले शब्द त्यांना पुन्हा सांगावे लागले. लिहिणे पुढे सरकेना तेव्हा ‘मी स्वतःला हरवून बसले आहे’ असे त्या म्हणत राहिल्या, अशी नोंद डॉक्टरांनी करून ठेवली आहे. पहिला शब्द कागदावर उतरला होता, म्हणजे हाताला लिहिता येत होते. मनात टिकत नव्हते ते पुढचे शब्द. तुमच्या वडिलांच्या अकरा पानांविषयी वाचताना मला हीच नोंद आठवली.

तरी दोन-तीन गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या तुमच्याखेरीज कुणाला तपासता येणार नाहीत. पहिली म्हणजे डिमेन्शियाचा प्रकार. अल्झायमरच्या नेहमीच्या प्रकारात बहुधा ताजी आठवण आणि शब्द आधी निसटतात, हात बराच काळ साथ देतो. पार्किन्सन्सबरोबर येणाऱ्या डिमेन्शियात विचार शाबूत असतानाही अक्षर बारीक होत ओळीच्या शेवटी मुंगीएवढे होऊ शकते. मेंदूच्या मागच्या भागावर आधी परिणाम करणारा एक प्रकार आहे, त्यात डोळे निर्दोष असूनही ओळ, समास आणि अक्षरांच्या जागा कळेनाशा होतात. भाषेवरच पहिला घाला घालणारे प्रकारही आहेत आणि त्यांत लेखनाबरोबर बोलणेही लवकर आटते. दुसरी गोष्ट अशी की चष्म्याचा नंबर, मोतीबिंदू, हाताचा कंप, उदासी, झोपेची किंवा इतर औषधे यांनीही लिहिणे बिघडते, आणि यांतल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय असतो. तिसरी गोष्ट तातडीची आहे. महिनोन्‌महिने हळूहळू उतरत आलेले लेखन दोन-चार दिवसांत एकाएकी ढासळले, आणि बोलण्यातही गोंधळ किंवा ग्लानी दिसली, तर तो आजाराचा पुढचा टप्पा समजून गप्प बसू नका. मूत्रमार्गाचा संसर्ग, शरीरातले पाणी कमी होणे, नवे औषध किंवा पक्षाघाताचा लहानसा झटका असे कारण असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

आता कोणती कडी निसटते आहे ते कसे ओळखावे हे सांगते. आठवडाभर काहीही न सुधारता, न सुचवता, त्यांच्या शेजारी आपलेही काही काम घेऊन बसा आणि पाहा. ते लिहिता लिहिता थांबले की हळूच विचारा, ‘बाबा, पुढे काय येणार आहे?’ त्यांनी वाक्य तोंडाने पूर्ण सांगितले पण कागदावर ते उतरत नसेल, तर अडचण अक्षरांत किंवा हातात आहे. ‘ते… ते आपले हे’ असे करीत ते एका नामापाशी अडखळले, तर अडचण शब्द सापडण्यात आहे. आपण काय सांगत होतो हेच हरवले असेल, तर अडचण वाक्य धरून ठेवण्यात आहे. आणि वाक्य नीट पूर्ण करून, पेन खाली ठेवून, पाणी पिऊन आल्यावर ते कोऱ्या कागदावर पुन्हा पहिल्या वाक्यापासून सुरू करत असतील, तर फक्त ‘आपण कुठवर आलो’ ही शेवटची कडी सुटलेली आहे. एखादी ओळ समोर ठेवून तिची नक्कल करायला सांगितल्यावर ती सहज उतरत असेल, तर हात आणि डोळे ठीक आहेत असे समजायला हरकत नाही. हे सगळे परीक्षा घेतल्यासारखे करू नका. एका दिवशी एकच गोष्ट पाहा आणि ती मागाहून, त्यांच्या नजरेआड लिहून ठेवा. देवनागरीत तर आणखी एक खूण दिसते: अक्षर ठीक येते पण काना, मात्रा, वेलांटी गळते, किंवा शिरोरेखा एका शब्दावरून सरळ दुसऱ्यावर जाते. ती खूण केवळ नोंदवायची. तिच्यावरून त्यांना काही म्हणायचे नाही.

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून मला वाटते की तुमच्या वडिलांच्या बाबतीत मुख्य कडी शेवटची आहे आणि तिच्या जोडीला नामे सापडण्याची अडचण आहे. ज्याला अकरा वेळा तेच पान, जवळपास त्याच क्रमाने लिहिता येते, त्याच्यापाशी सांगण्यासारखे काही उरलेले नाही असे म्हणता येत नाही. काल लिहिले ही आठवण नवी असते आणि ती आजारात आधी जाते. लहानपणच्या आठवणी आणि लिहिण्याची सवय या दोन्ही जुन्या आहेत आणि त्या तुलनेने उशिरा जातात. त्यामुळे ते रोज सकाळी खरोखरच पहिल्यांदा लिहायला बसतात. त्यांना ‘हे तुम्ही लिहिले आहे’ असे सांगणे म्हणजे त्यांना न आठवणाऱ्या गोष्टीचा पुरावा समोर धरणे, आणि चुरगळलेल्या कागदांमागे मला तेच कारण दिसते.

यावर मी जी मांडणी करते ती अगदी साधी आहे. टेबलावर एकच कागद ठेवायचा. मागची पाने, वही, जुन्या रोजनिशा, सगळे दुसऱ्या खोलीत. या कागदाच्या वरच्या बाजूला तुम्ही, त्यांच्याच शब्दांत, आदल्या दिवशीच्या शेवटच्या दोन ओळी ठळक अक्षरांत उतरवून ठेवायच्या, आणि त्यांच्याखाली एक अर्धे वाक्य सोडायचे: ‘विहिरीपाशी पोहोचलो तेव्हा…’ ते बसले की तुम्ही त्या दोन ओळी मोठ्याने वाचायच्या, अर्ध्या वाक्यापाशी थांबायचे आणि पेन त्यांच्या हातात द्यायचे. पुढे काय लिहायचे हे मात्र मुळीच सांगायचे नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका निवृत्त सर्वेक्षकांचा हात हे अर्धे वाक्य दिसताच आपोआप पुढे सरकत असे. कोऱ्या कागदासमोर तेच गृहस्थ दहा मिनिटे पेनाचे टोपण काढघाल करीत बसत. अर्धे वाक्य कोणते असावे यावर बरेच अवलंबून असते. ‘माझे बालपण…’ असे मोघम नको, कारण त्यातून पुन्हा पहिले पानच निघेल. त्यांना एखाद्या जागी, एखाद्या हालचालीत आणून सोडणारे वाक्य हवे.

नामांसाठी एक वेगळा कागद करा. त्यांच्या आठवणींत येणारी माणसे, जागा, वस्तू, जनावरे यांची नावे त्यांच्या बोलण्यातून गोळा करून, मोठ्या अक्षरांत, डाव्या हाताशी ठेवा. आजाराचा हा परिणाम लेखकांनाही चुकत नाही. ब्रिटिश कादंबरीकार आयरिस मर्डॉक यांची शेवटची कादंबरी १९९५ मध्ये आली आणि अल्झायमरचे निदान त्यानंतर झाले. पुढे संशोधकांनी त्या कादंबरीची त्यांच्या आधीच्या लेखनाशी तुलना केली तेव्हा शब्दसंपदा आकसलेली आढळली, वाक्यरचना मात्र बरीचशी पूर्वीसारखीच होती. घरीही असेच दिसते: वाक्याचा सांगाडा उभा राहतो आणि नामाच्या जागी ‘ते’ किंवा ‘ती वस्तू’ येते. नावांचा कागद जवळ असला की ती रिकामी जागा त्यांना स्वतःच भरता येते, आणि ‘तुम्हाला चुलत्यांचेच म्हणायचे आहे ना?’ असे आपण मध्ये तोंड घालण्याची वेळ कमी येते.

चुका दुरुस्त कराव्यात का, याचे माझे उत्तर स्पष्ट आहे: त्यांच्या कागदावर कधीही नाही. स्मृती बिघडलेल्या माणसाला ‘चूक कर, मग मी सांगतो’ या पद्धतीने शिकणे जड जाते, कारण त्याने केलेली चूकच पक्की होत जाते आणि तुम्ही केलेली दुरुस्ती विरून जाते. ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन यांनी १९९४ मध्ये स्मृतिलोप झालेल्या व्यक्तींबाबत हे दाखवून दिले, आणि तेव्हापासून आमच्या कामात चूक होण्याआधीच आधार द्यावा असा संकेत आहे. म्हणजे त्यांनी एखादा शब्द कसा लिहायचा असे विचारले, तर ‘आठवून पाहा बरे’ असे म्हणू नका. शब्द लगेच वेगळ्या चिठ्ठीवर लिहून त्यांच्यापुढे सरकवा. विचारले नाही, तर शब्द कसाही असो, तसाच राहू द्या. ज्यांनी आयुष्यभर शुद्ध लिहिले त्यांना आपली चूक दिसते, एवढेच की कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येत नाही. अशा माणसाच्या पानावर दुसऱ्याची शाई उतरली की पेन खाली ठेवले जाते, हे मी बऱ्याच घरांत पाहिले आहे. नातवंडांसाठी नीटनेटकी प्रत हवी असेल तर ती निराळी, मागाहून, तुमच्या हाताने करा. मूळ पाने जशीच्या तशी जपा.

दुसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्यावर थोडे थांबते. पुढे केव्हा तरी हात किंवा अक्षर साथ देईनासे होईल. त्या दिवशी लेखन संपते असे समजू नका. टेरी प्रॅचेट या ब्रिटिश लेखकांनी २००७ मध्ये आपल्या आजाराची जाहीर वाच्यता केली. तो मी वर सांगितलेला, मेंदूच्या मागच्या भागावर आघात करणारा प्रकार होता. टंकणे अशक्य होत गेले तेव्हा ते सहायकाला सांगून आणि बोललेले टिपणाऱ्या संगणक-प्रणालीच्या साहाय्याने लिहू लागले, आणि २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी आणखी कादंबऱ्या लिहिल्या. साखळीतली एक कडी दुसऱ्याच्या हातात गेली, पण सुचणे, निवडणे, नाकारणे त्यांचेच राहिले. लिखाण कुणाचे हे ठरवायची माझी कसोटी तीच आहे. अक्षर कुणाचे आहे याला फार महत्त्व देऊ नका. शब्द कुणी निवडला आणि ‘हे काढा’ कुणी म्हटले, ते पाहा.

म्हणून लिहून घेताना काही पथ्ये पाळावी लागतात. बोलणे मोबाइलवर रेकॉर्ड करा, अर्थात त्यांना विचारून, आणि दर वेळी विचारून. उतरवताना त्यांची बोलीतली रूपे पुस्तकी करू नका. ते ‘आम्ही पोरंपोरं’ म्हणाले असतील तर कागदावर ‘आम्ही सर्व मुले’ होता कामा नये. ही चूक मी स्वतः केली आहे. सुरुवातीच्या वर्षांत एका आजोबांचे सांगणे मी सुबक करून त्यांना वाचून दाखवले. ते लक्ष देऊन ऐकत होते, आणि शेवटी म्हणाले, ‘छान आहे. कुणाचे आहे?’ त्यानंतर मी कुणाच्याही वाक्यात एक शब्द घातलेला नाही. जॉन किलिक या ब्रिटिश कवींनी डिमेन्शिया असलेल्या माणसांचे बोलणे टिपून त्यातून कविता घडवल्या, त्यांतही शब्द त्या माणसांचेच आहेत. गाळणे आणि मांडणे चालते, भर घालणे चालत नाही. उतरवून झाले की लगेच, त्याच बैठकीत, सावकाश वाचून दाखवा आणि ‘असेच ना?’ एवढेच विचारा. त्यांनी मान हलवली नाही तर ते वाक्य खोडा, मग तुम्हाला ते कितीही आवडलेले असो.

यातूनच तुमच्या भावाची एक रास्त शंका उभी राहील: आठवणी चुकीच्या असतील तर? दोन प्रसंग एकात मिसळतील, वारलेले काका नंतरच्या लग्नात हजर असतील. माझे मत असे की त्यांच्या पानावर त्यांचेच खरे मानावे. घराण्याचा इतिहास अचूक हवा असेल तर तुम्ही वेगळी टिपणवही ठेवा आणि त्यात तारखा लिहा; दोन्ही वह्या शेजारी शेजारी राहू शकतात. जेव्हा आठवणी काढणेच जाचक होऊ लागेल, ‘आठवते का?’ हा प्रश्न ऐकताच चेहरा मिटेल, तेव्हा आठवण सोडून कल्पनेकडे वळा. अमेरिकेतल्या ॲन बास्टिंग यांनी १९९० च्या दशकात असे काम सुरू केले: एखादे गमतीदार चित्र पुढे ठेवायचे, ‘हिचे नाव काय ठेवू या?’, ‘ही कुठे निघाली असेल?’ असे विचारायचे आणि येणारे प्रत्येक उत्तर लिहून घ्यायचे. इथे चूक उत्तर नसतेच. पहिल्या पानावर अडलेली माणसे अशा वेळी भराभर बोलताना मी पाहिली आहेत.

वेळ आणि साधने याबद्दल थोडक्यात सांगते. बहुतेकांना सकाळी, झोप आणि न्याहरी झाल्यावर बरे जमते; दिवस कलल्यावर अस्वस्थता वाढत असेल तर तेव्हा लिहायला बसवू नका. पंधरा-वीस मिनिटे पुरतात. पेन जाड पकडीचे आणि गडद शाईचे असावे, कागद पांढरा, रुंद आखलेला आणि नक्षीविना असावा. उजेड लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने यावा, म्हणजे सावली अक्षरांवर पडत नाही. दूरचित्रवाणी बंद. एवढ्या साध्या बदलांनी ओळ सुधारलेली मी पाहिली आहे, म्हणून ते आधी करून पाहा.

कुठे थांबावे, याचे उत्तर तारखेत किंवा टप्प्यात देता येत नाही. ते त्या दिवशीच्या माणसाकडे पाहून द्यावे लागते. पेनाची पकड घट्ट होणे, तेच अक्षर पुन्हा पुन्हा गिरवणे, जबडा आवळणे, उसासे टाकणे या खुणा संतापाच्या आधी येतात. तेव्हा ‘राहू द्या’ असे न म्हणता ‘एवढे मला वाचून दाखवता का?’ असे म्हणा. म्हणजे बैठक वाचनावर संपते आणि अपयशावर संपत नाही. सलग दोन-तीन आठवडे ते टेबलाकडे येण्याचेच टाळत असतील, तर तो त्यांचा नकार समजा आणि आग्रह करू नका. लेखनाने आजार थांबतो असे मी तुम्हाला सांगणार नाही. सौम्य ते मध्यम डिमेन्शियात मनाला चालना देणाऱ्या नियमित गटउपक्रमांनी आकलनशक्तीला आणि मनःस्थितीला काही प्रमाणात लाभ होतो, एवढे अभ्यासांत आढळले आहे. त्याहून मोठे वचन कुणी दिले तर विश्वास ठेवू नका. त्यांना लिहावेसे वाटते, हेच लिहिण्याचे पुरेसे कारण आहे. अगदी पुढच्या टप्प्यातही कुणी आपले नाव गिरवते, कुणी शुभेच्छापत्रावर फक्त सही करते, कुणी आपलीच जुनी रोजनिशी दुसरे माणूस वाचून दाखवत असताना पानावर बोट फिरवते. एक सावधगिरी मात्र बाळगा. लेखनाच्या सरावाच्या नावाखाली बँकेच्या, मालमत्तेच्या किंवा मृत्युपत्राच्या कोणत्याही कागदावर सही घेऊ नका. ते काम डॉक्टर आणि वकील यांच्या सल्ल्याने, निर्णयक्षमता तपासूनच व्हावे. आणि जुन्या रोजनिशा वाचण्याआधी त्यांची परवानगी घ्या, कारण त्या तुमच्यासाठी लिहिलेल्या नव्हत्या.

ती अकरा पाने तुम्ही जपून ठेवली आहेत असे लिहिले आहे, ते फार चांगले केले. चुरगळलेली असतील तीही सरळ करून घ्या, मागच्या बाजूला पेन्सिलीने अंदाजे तारीख टाका आणि एका संध्याकाळी भावाला शेजारी बसवून सगळी सलग वाचा. मी अशी पाने बऱ्याचदा वाचली आहेत. वरवर ती सारखीच दिसतात, पण एकात दाराची कडी कशी वाजे ते असते, दुसऱ्यात आईचा आवाज असतो, तिसऱ्यात पावसात भिजलेले दप्तर असते. प्रत्येक पानात दुसरीकडे नसलेला असा एखादा तपशील सापडला की त्याखाली रेघ ओढा. त्या रेघांमधूनच तुम्हाला पुढची अर्धी वाक्ये मिळतील. उद्या सकाळी त्यांतले एक कागदाच्या वर लिहून ठेवा आणि पेन त्यांच्या हातात द्या.